गावाचा विकास कोणाच्या नावावर आहे, हे कसे तपासावे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बागायती गावात सत्तेची वाट उसाच्या फडातून साखर कारखान्याकडे आणि गोठ्यातून दूध संस्थेकडे जाते. या दोन्ही ठिकाणी मताचा अधिकार राबणाऱ्या हाताला मिळत नाही, सभासद म्हणून नोंदलेल्या नावाला मिळतो. म्हणून आपल्या गावात बाईचे स्थान काय आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर लोकांची मते विचारण्याआधी कागद वाचावेत.

सुरुवात जमिनीपासून करावी. एका गल्लीतली वीस-पंचवीस घरे निवडून, घरच्यांच्या संमतीने, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) पाहावेत. पण तेवढ्यावर थांबू नये. तलाठ्याकडून वारसाचे फेरफार, म्हणजे नावांतल्या बदलांच्या नोंदीही मिळवाव्यात, कारण वडील वारल्यावर बहिणींची नावे लागतात आणि पुढच्या एखाद-दुसऱ्या नोंदीतच हक्कसोडपत्राने, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या दस्ताने, ती निघून जातात, हे तिथेच दिसते. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, तरीही माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते. तिला मोबदला मिळाला का आणि कागद वाचून दाखवला होता का, हे प्रत्येक हक्कसोडपत्रापुढे लिहून ठेवावे. जमिनीला नाव नसलेल्या बाईला सहसा कारखान्याची ऊस उत्पादक सभासद होता येत नाही, आणि सभासद नसल्यामुळे संचालक मंडळाच्या निवडणुकीत ती ना मतदार असते, ना उमेदवार.

दुधाची पाहणी मात्र पहाटे, संस्थेच्या दारात उभे राहूनच करावी. मी गेलो त्या दिवशी रांगेत बहुतेक बायकाच होत्या. एकीच्या बोटावर वैरण कापताना लागलेली ताजी चीर होती, आणि पदराच्या टोकाला बांधलेल्या तिच्या पावतीवर नाव नवऱ्याचे होते. धार काढणारी ती, शेणघाण करणारी ती, आणि बिल जमा होते दुसऱ्याच्या खात्यावर. अशा घरांतल्या बाईच्या नावाने सभासदत्वाचा अर्ज द्यावा, शेअरची रक्कम तिच्याच नावाने भरावी आणि बिलासाठी तिचे स्वतंत्र बँक खाते जोडावे.

ग्रामपंचायतीत 2011 पासून महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे तिथे खुर्च्या मोजून फारसे कळत नाही. ग्रामसभेचे इतिवृत्त काढून ठरावांचे सूचक कोण आहेत ते पाहावे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा (नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे) बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने परिपत्रक काढून तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका गावाच्या ठरावात किती बळ असते, हे त्यावरून कळावे.

जमलेली माहिती आधी महिला सभेत मांडावी. ग्रामसभेपूर्वी ती घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणून तिची वेळ धारा आणि स्वयंपाक आटोपल्यावरची ठेवण्याचा आग्रह धरावा. दूध संस्थेतील सभासदत्वाचा आणि सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा, असे दोन वेगळे ठराव लिहून घ्यावेत, आणि ते मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणीही सही करू नये.