‘प्रयोग चुकला’ म्हणणं बंद करा : शोधातून शिकवताना या चुका टाळा

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, आपल्या टाचणवहीत (पाठाचं नियोजन लिहायच्या वहीत) आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शोधक, चौकस शिक्षणाचा आग्रह आहेच. शिक्षण परिषदेत त्यावर टाळ्याही पडतात. पण वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलं की शाळा कुठलीही असो, त्याच त्या चुका दिसतात. सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक आधी सांगते.

निष्कर्ष आधी, प्रयोग नंतर

सातवीचा तास. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढलं. सरांनी निष्कर्ष फळ्यावर आधीच लिहून ठेवलेला : मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. खिडकीजवळच्या गटातल्या एका मुलीने मात्र एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. तिच्या ग्लासात पाणी बरंच जास्त चढलं.

“सर, आमच्या ग्लासात ऑक्सिजन जास्त होता का?”

वर्ग हसला. सर म्हणाले, “तुमचा प्रयोग चुकलाय. फळ्यावरचं लिहून घ्या.”

चुकलं होतं ते फळ्यावरचं. ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते आणि ग्लास टेकवताना तिच्यातली थोडी काठाखालून निसटते. नीट बघितलं तर बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. दोन मेणबत्त्या म्हणजे उष्णता जास्त, निसटलेली हवा जास्त, चढलेलं पाणी जास्त. ऑक्सिजन तर पूर्ण संपतच नाही. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती मान टाकते, आणि जेवढा वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. ऑक्सिजन संपल्यामुळेच पाणी चढत असतं, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवं होतं. प्रत्यक्षात ते विझता विझता आणि विझल्यावर झपकन चढतं. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात.

त्या मुलीने नकळत एकच गोष्ट बदलून बघितली होती. विज्ञान म्हणतात ते हेच, आणि तेच आपण हसण्यावारी नेलं. तास संपल्यावर सरांशी बोलले तर म्हणाले, “मॅडम, गाईडमध्ये असंच दिलंय.” गाईडमध्ये असेलही. पण मग मेणबत्त्या कशाला जाळल्या? गाईडच वाचून दाखवायचं.

माझी सवय साधी आहे. प्रयोगाआधी प्रत्येकाने अंदाज पेनाने लिहायचा. पेन्सिल चालणार नाही, कारण उत्तर दिसलं की पोरं आधीचा अंदाज खोडतात. मग एका गटाला एक मेणबत्ती, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन; ग्लास मात्र सगळ्यांना सारखे. कुणाचं वेगळं आलं तर एवढंच म्हणायचं : “वेगळं आलंय, पुन्हा करून बघ.” पुन्हा तसंच आलं तर स्पष्टीकरण तपासायचं, पोरीला दटावायचं नाही.

गणितातही हाच आजार. त्रिकोणाचे कोन मोजल्यावर कुणाची बेरीज १७८ येते, कुणाची १८३, आणि बाई प्रेमाने “१८० लिही” म्हणतात. सगळ्या बेरजा फळ्यावर मांडा. त्या १८० च्या आसपासच का घुटमळतात हे मुलांना विचारा, आणि कोनमापकाने हे कधीच सिद्ध होणार नाही हेही सांगा. सिद्धता हवी कशाला, हे मुलांना तिथेच पटतं.

सगळंच शोधायला लावणं

ही उलट्या टोकाची चूक, आणि नवीन, उत्साही शिक्षकांची खास आवडती. नुकतंच प्रशिक्षण करून आलेले असतात, ‘काहीही सांगायचं नाही’ असं कुणीतरी मनावर बिंबवलेलं असतं. मग मुलं तासभर चाचपडतात आणि शेवटी वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर सगळे उतरवतात. मार्गदर्शनाशिवाय शिकवणं नवख्या विद्यार्थ्याला का झेपत नाही, यावर कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये सडेतोड लेख लिहिला. त्यातलं सगळं मला पटत नाही. पण मूळ मुद्दा खरा आहे, ज्याला काहीच माहीत नाही तो शोधणार काय?

इतिहासातलं उदाहरण घ्या. ‘आपल्या गावाचा इतिहास शोधा’ असा प्रकल्प दिला की दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून छापलेली पानं फेव्हिकॉलने चिकटवून येतात, सगळ्यांची सारखीच. देवळाबाहेर शेंदूर फासलेला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेला दगड, मात्र कुणी बघितलेला नसतो. मी वर्ग तिथेच नेते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. खाली गाई कोरल्या असतील तर विचारायचं, “लढाईत गाई कशाला?” कुणीतरी म्हणतंच, “चोरून नेत असतील.” बरोबर! गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडलेल्यांचेही वीरगळ आहेत. हे पोरं स्वतः काढतात. पण चंद्र-सूर्य का? चंद्र-सूर्य असेतोवर कीर्ती राहो म्हणून. हे कुणी दगडाकडे टक लावून शोधू शकत नाही. सांगून टाका, अर्धं मिनिट लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम, नकाशातली चिन्हं, रासायनिक संज्ञा यांचंही तसंच. माणसांनी आपसात ठरवलेल्या गोष्टी सांगायच्या, निसर्गाला किंवा पुराव्याला विचारता येतील त्या शोधू द्यायच्या.

बाकीच्या, थोडक्यात

प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबत, सुधारत. मनातल्या मनात सावकाश पाच अंक मोजा. शांतता चावत नाही.

आठ-नऊ जणांचा गट. दोघं काम करतात, बाकीचे डबा काढतात. चार पुरेत.

‘पाऊस का पडतो?’ एवढा मोठा प्रश्न घेऊन बसणं. ‘ओला रुमाल उन्हात लवकर वाळतो की सावलीत पंख्याखाली?’ असा घ्या, दुपारपर्यंत उत्तर हातात.

महागडा संच मागवणं. दोरा, नट आणि घड्याळ यांत लंबकाचा अख्खा धडा होतो : साधारण २५ सेंटिमीटरचा लंबक एका सेकंदात एक पूर्ण झोका घेतो, एक मीटरचा दोन सेकंदांत. लांबी चौपट, वेळ दुप्पट.

फोटोसाठी प्रयोग. यावर बोलत नाही, बोलले तर लेख लांबेल.

आणि वर्षभर शोधातून शिकवून परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ विचारणं. पोरं खुळी नसतात, ती गुण कुठे आहेत ते बघूनच अभ्यास करतात. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे ओळखलं होतं. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडून बसायची मुभा, शिवाय हाताने करायची प्रयोगाची परीक्षा वेगळी. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला, पण त्यातलं एवढं उचलायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रयोगाचे गुण तुमच्याच हातात असतात. पुढच्या घटक चाचणीत एक प्रश्न असा घाला : मुलांनी वर्गात न केलेल्या प्रयोगाची आकडेवारी द्या, त्यातला एक आकडा मुद्दाम विचित्र ठेवा, आणि विचारा, “या आकड्याचं तू काय करशील?” ‘खोडून टाकेन’ लिहिणाऱ्याला शून्य द्या, ‘पुन्हा मोजेन’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण.