शेजारच्या फ्लॅटमधली ती मुलगी शाळेत का जात नाही? संशय आला तर काय करायचं

मानवी तस्करी म्हटलं की पुण्यात सगळ्यांना एकदम बुधवार पेठेतली वेश्यावस्ती आठवते आणि विषय तिथेच संपतो. पण घरकामाला म्हणून गावाकडून आणलेली, पगार एजंटच्या खिशात जाणारी मुलगी किंवा सिग्नलवर भीक मागायला लावलेलं पोर, हेही त्यातच येऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) कलम ३७० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागलंय, त्यात भीक मागायला लावणं स्पष्ट लिहिलंय, आणि पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती हे बघितलंच जात नाही, त्यामुळे 'ती स्वतःहून आलीय हो' हे एजंटचं पालुपद तिथे चालत नाही.

आधी नीट बघा आणि लिहून ठेवा, म्हणजे पत्ता, मजला, गाडीचा नंबर, कोण कधी येतं-जातं. स्वतः दार वाजवून जाब विचारायला जाऊ नका, कारण रात्रीतून मुलीला दुसरीकडे हलवतात आणि मग पोलीस येऊन रिकामी खोली बघतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं तर अजिबात नको, अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

मग फोन. मूल असेल तर १०९८, बाकी ११२, रेल्वेत किंवा पुणे स्टेशनवर दिसलं तर १३९.

पोलीस स्टेशनला गेलात आणि 'हे आमच्या हद्दीत नाही' ऐकलं (ऐकाल बहुतेक!) तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येणारी तक्रार, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये आता ते लेखी आहे. तरी नाहीच घेतली तर तक्रार लिहून वरिष्ठांना पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

सुटका झाली की मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. लोक इथेच सोडून देतात, पण खरी गरज इथून पुढे असते, केस वर्षानुवर्षं चालते, एजंटची माणसं घरच्यांना गाठतात. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील फुकट मिळतो, नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच, फोन १५१००. उत्पन्नाचा दाखला मागितला तर सांगा, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तस्करीच्या पीडितांना उत्पन्नाची अट नाही.