जनुक गाठ रोखतं, असं म्हणण्याआधी

यकृताच्या गाठीत एखादं जनुक कमी दिसलं, एवढ्यावर त्याला ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारं जनुक, म्हणायचं नाही. नव्या विद्यार्थ्यांना मी हे डीएलसी-१ वरून शिकवते. १९९८ साली यकृताच्या कर्करोगातच हे जनुक गळालेलं सापडलं. आठव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ते बसतं आणि पेशीच्या वाढीला व हालचालीला चालना देणाऱ्या ऱ्हो प्रथिनांना आवर घालतं.

टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय माहितीच्या संग्रहातला यकृताचा डेटा उघडाल तेव्हा पाहा: गाठींचे नमुने साधारण ३७०, शेजारच्या यकृताचे जेमतेम ५०. त्यातही शेजारचं यकृत निरोगी असेलच असं नाही, बरेचदा ते सिरोसिसचं, म्हणजे व्रणांनी कडक झालेलं, असतं.

मग जनुक गप्प का झालं ते शोधा. तुकडा गळाला, उत्परिवर्तन झालं, की प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) मिथिलेशन, म्हणजे जनुक गप्प करणारी रासायनिक खूण? मिथिलेशनसाठी पेशींना ही खूण घालवणारं डेसिटाबिन देऊन जनुक परत जागं होतं का पाहतात. पण हे औषध इतर कितीतरी जनुकांनाही जागं करतं. वाढ थांबली तर श्रेय तुमच्या जनुकाला देऊ नका.

प्रयोगासाठी पेशी निवडताना पी-५३ या गाठ रोखणाऱ्या जनुकाची स्थिती आधी माहीत हवी. यकृताच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींपैकी हेपजी-२ मध्ये ते शाबूत, एचयूएच-७ मध्ये बिघडलेलं, हेप-३बी मध्ये नाहीच. यकृताच्या म्हणून वापरल्या गेलेल्या एसएमएमसी-७७२१ आणि एल-०२ घेऊच नका, त्या हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, पेशी निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून पेशी मागवता येतात. तरीही एसटीआर (पेशींची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जिवाणू) तपासणी आपली आपण करावीच.

खरा कस पुढे लागतो. नुसतं जनुक भरमसाट व्यक्त करून, म्हणजे त्याचं प्रथिन भरमसाट बनवून, वाढ मंदावली, याला मी पुरावा मानत नाही. कुठलंही प्रथिन कोंबलं तर पेशी आजारी पडते. डॉक्सिसायक्लिन हे औषध दिल्यावरच जनुक चालू होईल अशी रचना वापरा आणि प्रथिनाचं प्रमाण निरोगी यकृताच्या आसपास ठेवा. तुलनेला शेजारी जनुकाचं निकामी रूप हवंच: डीएलसी-१ प्रथिनात ७१८ व्या जागेचं अर्जिनिन हे अमिनो आम्ल बदललं की ऱ्होवरचा आवर जातो. उलट बाजूने, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने जनुक काढा, कुठे कापायचं ते दाखवणारे वेगवेगळे दोन गाइड वापरा, आणि तो गाइड कापू शकणार नाही अशी प्रत परत घाला. बदल मागे फिरला तरच दोष जनुकाचा.

शेवटी उंदीर, आचारसमितीची परवानगी हातात आल्यावरच. २००८ च्या प्रयोगात पी-५३ नसलेल्या, मिक हे गाठ वाढवणारं जनुक वाढवलेल्या यकृत-पूर्वजपेशींत डीएलसी-१ दाबल्यावर उंदरांत गाठींना जोर आला, आणि डीएलसी-१ कमी असलेल्या यकृत-कर्करोगाच्या पेशींत कार्यक्षम डीएलसी-१ परत दिल्यावर गाठींची वाढ रोखली गेली.