रविवारी गाडी धुवायची तर तयारी शनिवारी रात्री

कूलरची जुनी खस काढताना तिच्यावर पांढरी, कडक खपली दिसते. गाडीच्या बॉनेटवर उमटणारे गोल डाग म्हणजे तीच खपली, फक्त पातळ. पाणी उडून जातं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. थेंब कडेने आधी वाळतो आणि आतले क्षार कडेकडे ओढले जातात, म्हणून डाग भरीव ठिपक्यासारखा न दिसता कड्यासारखा दिसतो. तेव्हा तयारी करताना दोनच गोष्टींचा विचार करायचा: पाण्यात क्षार किती आहेत, आणि ते पाणी पत्र्यावर किती वेळ राहणार आहे. शाम्पू कोणता हा प्रश्न त्याच्या बराच नंतर येतो. आपल्याकडे मात्र सगळे तिथूनच सुरुवात करतात.

शनिवारी रात्री आधी पाणी ठरवा. नागपुरात नळाला येतं ते मुख्यतः पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं, म्हणजे धरण-नदीचं पाणी. बोअरचं पाणी खडकातून झिरपत आलेलं असतं आणि सहसा जास्त जड असतं. आमच्या सोसायटीत दोन्ही एकाच टाकीत मिसळतात, त्यामुळे कोणत्या दिवशी काय मिळेल याचा नेम नाही. मी एक सोपी परीक्षा करतो. स्टीलच्या ताटलीवर नळाच्या, बोअरच्या आणि आरओच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवायचा आणि ताटली गच्चीवर उन्हात ठेवून द्यायची. मे महिन्यात चहा होईस्तोवर निकाल लागतो. बोअरच्या थेंबाचं कडं नखाने खरवडलं तरी लवकर निघत नाही, आरओच्या जागी पुसटशी खूण राहते.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर असेल तर उत्तमच, पण त्याचा आकडा नीट वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलंय. म्हणजे पिण्याला योग्य पाणी गाडीला योग्य असेलच असं नाही. समजा पाणी 800 चं आहे आणि धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी तसंच राहिलं. ते वाळलं की जवळपास 0.4 ग्रॅम क्षार पत्र्यावर बसले. चिमूटभरच, पण ती चिमूट पूर्ण गाडीवर शिंपडलेली.

इथे दोन गैरसमज आहेत. पहिला, सॉफ्टनर लावला म्हणजे काम झालं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो, एकूण क्षार फारसे कमी करत नाही. डाग तरीही पडतो, फक्त ओल्या फडक्याने सहज निघतो. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुणारे बरेच आहेत आणि पाणी वाचवण्याची भावना चांगलीच आहे. पण मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात येऊन बसलेले असतात. ते चाकांना, मॅटला, अंगणाला वापरा. शेवटच्या विसळणीला मात्र ते नको.

शेवटच्या विसळणीसाठी आरओचं शुद्ध पाणी पाच-सात लिटर वेगळं काढून ठेवा, किंवा एसीच्या पाइपचं पाणी जमवा. एसीचं पाणी हवेतल्या वाफेचं झालेलं असतं, म्हणून त्यात क्षार नसल्यातच जमा. फक्त कॉइलवरची धूळ असते, ती बारीक कापडातून गाळून घ्यायची. अडचण एवढीच की नागपूरच्या मे महिन्यात हवाच इतकी कोरडी की एसी बादली काही भरत नाही. ही सोय जुलै-ऑगस्टची.

आता वेळ. मे महिन्यात इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तेव्हा बादल्या खाली आलेल्या असाव्यात. मी हे चुकूनच शिकलो. काळी गाडी नवीन होती, रविवारी आरामात दहाला सुरुवात केली, शाम्पू लावून झाला आणि फोन वाजला. शेजारच्या गाड्या पुसणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, फोन नंतर घ्या न, बॉनेट वाळून राहिलं." मी हात हलवून त्याला थांब म्हटलं. फोन ठेवेपर्यंत बॉनेटवर फेसाचे ओघळ जसेच्या तसे वाळले होते, खालच्या टोकाला पांढरी गाठ आणि वर राखाडी शेपूट. ते काढण्यात पुढचे दोन रविवार गेले.

गाडी आदल्या रात्रीच सावलीत लावा, आणि अशा जागी की सकाळचं ऊन तिच्यावर उशिरा येईल. नुकतीच फिरून आलेली गाडी धुऊ नका, इंजिनच्या उष्णतेने बॉनेट आतून तापलेलं असतं. तळहात पत्र्यावर ठेवून पाहा, गार लागला तरच पाइप उघडा. डिसेंबर-जानेवारीत ही घाई नसते, तेव्हा आपलीच बोटं आखडतात.

सामान रात्रीच काढून ठेवा. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा विसळायची. दाट मायक्रोफायबरचे पुसायचे टॉवेल किमान दोन, आणि ते कपडे मऊ करणाऱ्या लिक्विडमध्ये धुतलेले नकोत. त्या लिक्विडचा थर तंतूंवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपण्याऐवजी नुसतं पसरवत बसतो. जुनं बनियन कितीही प्रिय असलं तरी ते चाकांसाठी. छतासाठी स्टूल हवंच. छताचा मधला भाग राहून जातो, दरवाजा बंद करताना तिथलं पाणी काचेवर उतरतं आणि पुसलेलं सगळं पुन्हा ओलं.

पूर्ण गाडीला एकदम फेस लावायचा मोह टाळा. छत, मग काचा, मग बॉनेट; एक भाग धुवा, विसळा, अधूनमधून बाकीची गाडी ओली ठेवा. कोरडी होऊ द्यायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की क्रम थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं. शेवटच्या विसळणीला पाइपची नोझल काढून टाका. फवाऱ्याने हजार थेंब तयार होतात. उलट वरून हळू सोडलेली सलग धार पाण्याची चादर होऊन उतरते आणि जाताना थेंबांना सोबत नेते. त्यावर लगेच राखून ठेवलेलं आरओचं पाणी मग्ग्याने छतापासून खाली.

वॅक्स केलंय म्हणून निश्चिंत राहू नका. वॅक्समुळे पाण्याचे टपोरे मणी होतात, फोटोत सुंदर दिसतात, आणि तसेच वाळू दिले तर प्रत्येक मणी स्वतःचं कडं सोडून जातो. टॉवेल पसरून ठेवायचा, हलकं दाबायचं आणि आपल्याकडे ओढायचा, घासायचं नाही. मग आरशांच्या खाचा, नंबरप्लेट, दारांच्या कडा, पेट्रोलचं झाकण. तिथलं पाणी गाडी चालू झाल्यावरच बाहेर येतं, म्हणून कॉलनीत एक चक्कर मारून या आणि ते ओघळ दुसऱ्या टॉवेलने टिपा.

धुतल्यावर गाडी कुठे उभी राहणार हेही आधीच पाहून ठेवा. वरच्या मजल्यावरच्या कूलरचं गळणारं पाणी म्हणजे बाष्पीभवनाने घट्ट झालेलं पाणी, त्याच्याइतका वाईट डाग बोअरही पाडत नाही. बागेचा फवारा उडतो तिथेही लावू नका. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांकडून ये-जा असेल तर राखेची धूळ बसतेच, तिच्यावर पहिल्या पावसाचे चार शिंतोडे पडले तर ती सुकायच्या आत साध्या पाण्याने उतरवा.

एवढं करूनही डाग राहिला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून, गार पत्र्यावर, सावलीत, आधी एका कोपऱ्यात लावून पाहा. ओलं फडकं डागावर मिनिटभर ठेवा, आम्ल क्षाराला विरघळवतं. वॅक्सही थोडं जाईल, ते नंतर लावा. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड कुणी कितीही सुचवलं तरी नको, ते रंग आणि क्रोम दोन्ही खातं. काचेवरचा वर्षानुवर्षांचा पांढरेपणा व्हिनेगरला दाद देत नाही, त्याला सिरियम ऑक्साइडचं पॉलिश लागतं. व्हिनेगर लावल्यावर ती जागा पाण्याने नीट धुवा आणि तेवढीच लगेच टिपून घ्या, नाहीतर जुना डाग गेलेल्या जागीच नवं कडं उमटलेलं दिसेल.