लिक्विड टोनर: आधी सॉलिड्स मोजा, चार्जला हात नंतर

लिक्विड टोनर म्हणजे डिजिटल प्रेसची, तेलात रंगाचे बारीक कण तरंगत ठेवलेली शाई. लग्नसराईत रात्रपाळी सुरू असते आणि पत्रिकेवरचा लाल हलका यायला लागतो. ऑपरेटर लगेच चार्जची, म्हणजे शाईच्या कणांना विद्युतभार देणाऱ्या द्रावणाची, बाटली उचलतो. थोडा चार्ज टाकल्यावर रंग आणखी हलका होतो, मग तो आणखी टाकतो. अशी बिघडलेली टाकी पुन्हा ताळ्यावर आणणं फार अवघड, त्यातली शाई काढून टाकावी लागते. म्हणून एक क्रम पक्का ठरवून घ्या: आधी सॉलिड्स (तेल उडाल्यावर उरणारा घन भाग), मग तापमान आणि शेवटी चार्ज.

चार्ज वाढवल्यावर रंग का उतरतो, तर त्याचं कारण सोपं आहे. ड्रमवरच्या प्रतिमेला ठरावीक विद्युतभार भरून काढायचा असतो. प्रत्येक कणावर भार जास्त असेल, तर कमी कणांतच ते काम भागतं आणि शाईचा थर पातळ बसतो. शिवाय कणांना न चिकटलेला जादा चार्ज तेलात मोकळा फिरतो आणि प्रतिमेचा जोर खातो.

शाईत चार गोष्टी असतात: आयसोपॅराफिन तेल (एक पेट्रोलियम तेल), रेझिन (कण बांधणारं प्लास्टिक), पिगमेंट (रंगद्रव्य) आणि कणांना भार देणारा चार्ज डायरेक्टर. कोरड्या टोनरचा कण ५ ते १० मायक्रॉनचा असतो, इथला १ ते २ मायक्रॉनचा. इतकी बारीक पूड हवेत सांभाळता येत नाही, म्हणून ती तेलात ठेवायची. डब्यातली पेस्ट घट्ट असते. टाकीत ती तेलाने सैल करून सॉलिड्स २ टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

पेस्ट कशी बनते

प्रयोगशाळेत ५०० ग्रॅम पेस्ट करायची, तर त्यात १०० ग्रॅम सॉलिड्स आणि ४०० ग्रॅम तेल धरा. सॉलिड्समध्ये रेझिन म्हणून एथिलीन-मेथॅक्रिलिक अ‍ॅसिड कोपॉलिमर ८० ग्रॅम, पिगमेंट १८ ग्रॅम (निळ्यासाठी पिगमेंट ब्लू १५:३) आणि अ‍ॅल्युमिनियम ट्रायस्टिअरेट (कणांना चार्ज धरायला मदत करणारं) २ ग्रॅम.

आधी ८० ग्रॅम रेझिन १२० ग्रॅम तेलात १३० अंशांपर्यंत तापवून तासभर ढवळा. या तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) साधारण ६४ अंश आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या दुपटीवर काम करताय. बंद भांडं, कंडेन्सर, नायट्रोजन आणि फ्लेमप्रूफ मोटर यातलं एक जरी कमी असेल, तर हे काम करू नका. उघड्या शेगडीवर तर अजिबातच नाही.

रेझिन पूर्ण विरघळलं की ढवळणं चालू ठेवूनच हळूहळू थंड करा. घाईने थंड केलं तर रेझिनचे गोळे होतात आणि पुढे कितीही दळलं तरी ते फुटत नाहीत. नीट उतरलेला लगदा पांढरट आणि मऊ असतो. आता तो अ‍ॅट्रिटरमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या गिरणीत) घाला, त्यात पिगमेंट, स्टिअरेट आणि उरलेलं २८० ग्रॅम तेल टाका आणि साधारण ५ मिलिमीटरच्या गोळ्यांनी दळा. पहिला दीड तास ५५ ते ६० अंशांवर, म्हणजे पिगमेंट रेझिनमध्ये मुरतं. नंतरचे दहाएक तास ३५ ते ४० अंशांवर, कारण कण फुटायला रेझिन कडक लागतं.

आपल्याकडे घोडं अडतं ते इथंच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते गिरणीभोवतीच्या जॅकेटमध्ये (थंड करणाऱ्या पाण्याच्या कवचात) सोडलं, तर दळण ४० च्या खाली येतच नाही. रेझिन मऊच राहतं आणि फुटण्याऐवजी गोळ्यांना माखतं. दहा तास दळूनही कण जाडच का, याचं उत्तर बहुधा त्या पाण्यात सापडतं. जॅकेटला चिलरचंच पाणी द्या.

दळण झालं का ते असं पाहा. पेस्टचा एक थेंब तेलात पातळ करून काचेच्या पट्टीवर ठेवा, त्यावर दुसरी पट्टी दाबा आणि उजेडासमोर धरा. रंग सगळीकडे एकसारखा पसरला तर ठीक. मध्ये गडद ठिपके दिसले किंवा पट्ट्या सरकवताना कचकच लागली, तर आणखी दळा.

सॉलिड्स मोजणं

टाकी चालू असतानाच नमुना घ्या. वीज जाऊन ढवळणं थांबलं असेल, तर आधी अर्धा तास टाकी फिरू द्या. नाहीतर गाळ खाली बसलेला असतो आणि वरचं निव्वळ तेल मोजलं जातं.

अ‍ॅल्युमिनियमच्या डिशमध्ये २ ग्रॅम शाई घ्या आणि एक्झॉस्ट असलेल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. २ टक्क्यांच्या शाईतून ०.०४ ग्रॅम उरतं, म्हणून काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. आकडा मोठा यावा म्हणून नमुना वाढवू नका: या तेलाची वाफ हवेत एक टक्का होण्याआधीच पेट घेऊ शकते, आणि लहान ओव्हनमध्ये १० ग्रॅम तेल त्याला पुरेसं आहे.

समजा टाकीत ४ किलो शाई आहे आणि सॉलिड्स १.६ टक्के आली. म्हणजे आत ६४ ग्रॅम सॉलिड्स आहेत. २० टक्क्यांची पेस्ट घालून २ टक्क्यांवर न्यायचं, तर ८९ ग्रॅम पेस्ट लागते. ८० ग्रॅम पुरेल असं वाटतं, पण पेस्टसोबत तेलही वाढतं, त्यामुळे हिशेब थोडा वर जातो. नवी टाकी भरायची असेल, तर १०० ग्रॅम पेस्टला ९०० ग्रॅम तेल.

आता चार्ज

सॉलिड्स बरोबर असतील आणि तरी रंग चुकत असेल, तर वाहकता (शाईतून वीज किती वाहते) बघा. पाण्याचा कंडक्टिव्हिटी मीटर इथं कामाचा नाही. तो मायक्रोसीमेन्स मोजतो. इथला आकडा पिकोसीमेन्समध्ये, म्हणजे दहा लाख पटीने लहान असतो. चालत्या शाईची वाहकता सहसा ८० ते १०० पिकोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास ठेवतात. तुमच्या मशीनला ठरवून दिलेला आकडा वेगळा असेल, तर तोच पाळा.

वाहकता तापमानासोबत वाढते. सकाळी सातला आणि दुपारी तीनला त्याच शाईचे दोन वेगळे आकडे येतील. नमुना नेहमी २५ अंशांवर आणून मगच मोजा आणि वहीत आकड्याशेजारी तापमान लिहा.

नव्या शाईला चार्ज देताना तो दर ग्रॅम सॉलिड्समागे मोजतात. १ किलो शाईत २० ग्रॅम सॉलिड्स असतात. चार्ज डायरेक्टर म्हणून लेसिथिन ग्रॅमला ३० मिलिग्रॅम द्यायचं ठरलं, तर ६०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे तेलातलं १० टक्क्यांचं द्रावण ६ ग्रॅम. ते दोन-तीन हप्त्यांत घाला. शेवटच्या हप्त्यानंतर एक दिवस थांबून मोजा, कारण चार्ज कणांवर स्थिरावायला वेळ लागतो. लगेच मोजून पुन्हा ओतणाऱ्याच्या हाताने टाकी हमखास ओव्हरचार्ज होते.

चार्ज कमी पडला, तर उलटी लक्षणं दिसतात: कोऱ्या जागेवर रंगाची झाक येते, अक्षरांच्या कडा वाहतात, कण एकमेकांना धरून गोळा होतात. ओव्हरचार्ज झालेल्या टाकीवर खात्रीचा उपाय एकच: काही शाई काढून टाकायची आणि चार्ज न घातलेली पेस्ट व ताजं तेल भरायचं.

खोली, कागद आणि लेबल

प्रेसची खोली २० ते २५ अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. एसीऐवजी खसचा कूलर लावू नका. तो धूळ आत ओढतो, ओलावा बेभरवशाचा करतो आणि पाणी शाईच्या तेलाचं वैरी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला कागद उन्हाळ्यात वाळून कडक झालेला असतो: शीट एकमेकांना चिकटतात, दोन-दोन आत जातात. रीम वेष्टनासकट एक दिवस प्रेसच्या खोलीत ठेवा, वेष्टन छपाईच्या वेळीच फोडा.

रावेर-यावलच्या केळीच्या खोक्यांवरचं लेबल प्लास्टिक फिल्मचं असेल, तर प्रायमर (शाई धरून ठेवणारा आधीचा लेप) लागतोच. तापलेल्या ब्लँकेटवर (ड्रमवरून शाई घेऊन कागदावर देणाऱ्या रबरी थरावर), साधारण १०० अंशांना, तेल उडतं आणि रेझिन वितळून सलग पापुद्रा होतो. तो थंड कागदाला लागताच पूर्ण उचलला जातो. कागदाच्या तंतूंत त्याला धरायला जागा मिळते, गुळगुळीत फिल्मवर ती नसते. पॉलिएथिलीनइमाइनचा प्रायमर आम्लारी असतो आणि रेझिनमधल्या आम्लगटांना घट्ट धरतो. छपाईनंतर पंधरा मिनिटांनी सेलोटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग टेपवर आला तर टाकीकडे वळू नका, आधी फिल्मच्या कोऱ्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला, तर त्या जागी प्रायमर पोचलेलाच नाही किंवा कोरोना (फिल्मच्या पृष्ठावर केलेली विद्युत प्रक्रिया) उतरला आहे. तो रोल परत कोटिंगला पाठवा.