आगीनंतर घरातली काजळी: आधी कोरडी सफाई, मगच पाणी

समईवर वाटी धरली की तिच्या तळाशी जमणारी काजळी आपल्या परिचयाची असते आणि ती बहुतांशी निव्वळ कार्बन असते. घराला आग लागल्यावर भिंतींवर बसणारी काजळी मात्र सोफ्यातला फोम, पॉलिएस्टरचे पडदे, सनमायका, प्लायवूडमधला गोंद आणि वायरींवरचे पीव्हीसीचे आवरण जळून तयार झालेली असते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो काजळीच्या कणांना चिकटून राहतो आणि हवेतला ओलावा मिळताच त्याचे आम्ल होते. त्यामुळे आग विझली तरी घराचे नुकसान सुरूच असते. नळांची चकाकी जाते, पितळ काळवंडते, संगमरवरावर डाग पडतात आणि टीव्ही-फ्रिजमधले जोड गंजू लागतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हे सारे फार वेगाने होते. म्हणून सफाईला उशीर करू नये, परंतु घाईने चुकीची सुरुवातही करू नये.

ही चुकीची सुरुवात म्हणजे ओले फडके. आपल्याकडे सफाई म्हणजे केर आणि फरशी पुसणे, त्यामुळे शेजारी-नातेवाईक मदतीला धावून येतात तेव्हा प्रत्येकाच्या हातात बादली असते. पण काजळीचे कण अतिशय बारीक व तेलकट असतात. पाणी लागताच ते रंगाच्या आणि पुट्टीच्या छिद्रांत शिरतात आणि एरवी निघू शकला असता असा थर कायमचा डाग होऊन बसतो. केरसुणीने ते हवेत उडतात आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून आरपार जाऊन मागच्या बाजूने पुन्हा खोलीभर पसरतात. पंखा किंवा एसी सुरू करणे हेही तितकेच घातक, कारण त्यामुळे न जळलेल्या खोल्यांतही काजळी पोहोचते.

अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय घरात जाऊ नये. मीटरजवळचा मुख्य स्विच बंद आहे आणि सिलिंडर बाहेर काढला आहे याची खात्री करावी. स्लॅबचा गिलावा फुगला असेल, काँक्रीट गुलाबीसर दिसत असेल किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील, तर सफाईचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या काँक्रीटची ताकद कमी झालेली असू शकते. आत काम करणाऱ्या प्रत्येकाने एन९५ मास्क, बंदिस्त चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. एन९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. म्हणून डोळे चुरचुरत असतील तर खिडक्या उघड्या ठेवून काही तास थांबावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना सफाई पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे ठेवावे.

विमा असेल तर एकही वस्तू फेकण्यापूर्वी कंपनीला कळवावे, प्रत्येक खोलीची, कपाटांच्या आतली आणि माळ्यावरचीही छायाचित्रे काढावीत आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत जळके सामान एका कोपऱ्यात राखून ठेवावे. अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा हे कागद दाव्यासाठी सहसा मागितले जातात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. काय जळले यावर काजळीचा प्रकार ठरतो. लाकूड, कागद, सुती कापड भरपूर हवेत भडकून जळले असेल तर काजळी कोरडी आणि भुरभुरीत असते व तुलनेने सहज निघते. प्लास्टिक, रबर, फोम धुमसत जळले असतील तर ती चिकट असते आणि बोट लावताच पसरते. तिसरा प्रकार फसवा आहे: गॅसवर राहिलेले मटण किंवा मासळी करपून धूर झाला तर भिंतीवर काळे काहीच दिसत नाही, फक्त पिवळसर, तुपकट थर आणि न जाणारा उग्र वास राहतो. हा थर सहज दिसत नसला तरी त्या खोलीचा प्रत्येक पृष्ठभाग धुवावाच लागतो.

पहिली फेरी संपूर्ण कोरडी असते आणि ती छतापासून सुरू होऊन खाली येते. व्यावसायिक लोक हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरतात. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. नळीचे तोंड भिंतीला टेकवायचे नाही, किंचित अंतरावर धरायचे, नाहीतर काजळी घासली जाते. त्यानंतर येतो कोरडा स्पंज. हा भांड्यांचा स्पंज नव्हे. तो नैसर्गिक रबराचा असतो आणि काजळी आपल्या अंगात ओढून घेतो. त्याला पाणी अजिबात लावायचे नाही. एकाच दिशेने सरळ, थोडे एकमेकांवर येणारे पट्टे ओढावेत, एक बाजू काळी झाली की दुसरी घ्यावी आणि सगळ्या बाजू भरल्या की वरचा थर कापून टाकावा. गोल गोल घासल्याने डाग पसरतो. कोपऱ्यांत कोळिष्टकांसारखे काळे धागे लोंबताना दिसतील. ती काजळीच्याच कणांची साखळी असते, तीही व्हॅक्यूमनेच ओढावी. धूर थंड पृष्ठभागाकडे जातो, म्हणून बाहेरच्या भिंती, तसबिरींच्या मागची जागा, बंद कपाटे आणि ड्रॉवर यांकडे मुद्दाम पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्या सफाईचे यश याच फेरीवर ठरते असे माझे स्पष्ट मत आहे.

मगच पाणी. कोमट पाण्यात सौम्य अल्कधर्मी डिटर्जंट किंवा थोडा धुण्याचा सोडा मिसळून आधी दाराआडच्या छोट्या भागावर चाचणी घ्यावी. भिंत धुताना खालून वर जावे, कारण वरून ओघळलेले घाण पाणी कोरड्या काजळीवर न निघणाऱ्या रेघा पाडते. दोन बादल्या ठेवाव्यात, एक धुण्याची आणि एक खळबळण्याची, आणि पाणी वारंवार बदलावे. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर सोडा वापरू नये. संगमरवर, कोटा आणि कडाप्पा यांवर ॲसिड, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये, कारण हे दगड आम्लाने झिजतात. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंती धुता येत नाहीत. त्या कोरड्या साफ करून खरवडाव्या लागतात. कोणतीही भिंत रंगवण्यापूर्वी डाग रोखणारा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर मारावा, कारण पाण्यातल्या साध्या प्रायमरमधून पिवळेपणा आणि वास दोन्ही वर येऊ शकतात. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या सिमेंट पत्र्यांना घासू किंवा तोडू नये. ते काम जाणकारांवर सोपवावे.

उघडे धान्य, मसाले, औषधे, सौंदर्यप्रसाधने आणि प्लास्टिकचे डबे मोह न ठेवता टाकून द्यावेत. देवघरातल्या पितळी-तांब्याच्या मूर्ती आणि भांडी आधी डिटर्जंटने धुऊन कोरडी करावीत, चिंच लावायची असेल तर नंतर. सुती कपडे बाहेर हलकेच झटकून वेगळे धुवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नये, कारण उष्णतेने डाग पक्के बसतात. पैठणी व इतर रेशमी साड्या घरी न धुता ड्रायक्लीनरला आगीची कल्पना देऊन द्याव्यात. विजेचे कोणतेही उपकरण तंत्रज्ञाने आतून साफ करेपर्यंत सुरू करू नये. काजळीतून वीज वाहू शकते आणि शॉर्टसर्किट होते. आग विझवण्याच्या सिलिंडरची पावडरही ओलाव्यात धातू खाते, तीही कोरडीच ओढून घ्यावी.

वासासाठी उदबत्ती किंवा सुगंधी फवारा उपयोगाचा नाही, कारण वास काजळीत असतो आणि ती गेल्याशिवाय जात नाही. सफाई करणारे वास घालवण्यासाठी ओझोन वायू सोडणारे यंत्र वापरणार असतील तर तेवढा वेळ माणसे, पाळीव प्राणी आणि झाडे घराबाहेर हवीत आणि नंतर घर पुरेसे मोकळे ठेवावे.

सफाईची कंपनी नेमताना हेपा व्हॅक्यूम आणि कोरडा स्पंज आहे का हे आधी विचारावे, खोलीनिहाय दर आणि बाहेर नेल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी लेखी घ्यावी. पहिल्याच दिवशी पाण्याचा पाइप घेऊन येणाऱ्यांना परत पाठवावे. पैशांचा शेवटचा हप्ता राखून ठेवावा. काम संपल्यावर घर एक दिवस बंद ठेवावे, दुसऱ्या दिवशी दार उघडताच वास येतो का ते पाहावे आणि दाराच्या चौकटीच्या वरून, पंख्याच्या पात्यावरून व कपाटाच्या मागून पांढरे सुती फडके फिरवावे. फडके पांढरेच राहिले आणि वास आला नाही, तर तो हप्ता द्यावा.