वॉर्डासाठी दहा लिटर हँडरब: करायचं कसं, ठेवायचं कुठं

एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे नेण्यात कर्मचाऱ्यांच्या हातांचा वाटा फार मोठा असतो. बेसिन वॉर्डाच्या दाराशी आणि रुग्ण खिडकीशी असेल, तर धावपळीत कुणीही दर वेळी हात धुवायला जाऊ शकत नाही. त्यात सोलापुरात नळाला रोज पाणी नाही. जिनिव्हाचे डॉ. दिदिए पिटे यांनी ही अडचण ओळखून पाण्याविना हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाची, म्हणजे हँडरबची, बाटली थेट खाटेपाशी आणली. तिथं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण १९९४ मधल्या ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेलं आणि त्याच सुमारास संसर्गाचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढं दिलेलं हँडरबचं सूत्र सिव्हिलपासून जुळे सोलापुरातल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत कुठंही वापरता येतं.

जिल्ह्यात साखर कारखान्यांचं इथेनॉल मुबलक असलं तरी ते घ्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल सोपं पडतं. औद्योगिक मिथिलेटेड स्पिरिट मात्र अजिबात नको. बाहेर विकायचं असेल तर औषध परवाना लागेल.

१० लिटरसाठी:
आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९.८ टक्के): ७५१५ मिली
हायड्रोजन पेरॉक्साइड (३ टक्के): ४१७ मिली
ग्लिसरीन (९८ टक्के): १४५ मिली
उरलेलं डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी

इथं हमखास चूक होते ती पेरॉक्साइडची. दुकानात बहुतेकदा ६ टक्क्यांची, म्हणजे ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते. ती असेल तर २०८ मिलीच घ्या. पेरॉक्साइड हातावरच्या जंतूंसाठी नसतं, द्रावणात आणि बाटलीत राहिलेले बीजाणू (अल्कोहोलला दाद न देणारी जंतूंची सुप्त रूपं) मारायला असतं. ओतताना हातमोजे घाला.

अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या कॅनवर १० लिटरची खूण करून घ्या. आधी अल्कोहोल, मग पेरॉक्साइड, मग ग्लिसरीन. ग्लिसरीन मोजपात्राला चिकटून राहतं, म्हणून ते पात्र उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळून तेही कॅनमध्येच ओता. खुणेपर्यंत पाणी भरा, लगेच झाकण लावा आणि हलक्या हातानं हलवा. बाटल्यांत भरून तारीख लिहा आणि ७२ तास बाजूला ठेवा. बीजाणू मरायला तेवढा वेळ लागतोच, त्यामुळे वॉर्डातून कितीही घाई झाली तरी आधी देऊ नका.

तयार द्रावणात अल्कोहोलची तीव्रता ७० ते ८० टक्क्यांत हवी. ती तपासायचा अल्कोहोलमीटर आयसोप्रोपिलसाठीचा हवा. अशी उपकरणं सहसा २० अंशांवर बेतलेली असतात. उन्हाळ्यात द्रावण गरम असलं की आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि पातळ झालेली बॅचही पास होते. द्रावणाचं तापमान घेऊन दुरुस्तीचा तक्ता वापरा.

उन्हाळ्याचा दुसरा धोका आगीचा. हे द्रावण १९ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर असतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कॅन ठेवू नयेत. खोली थंड, हवेशीर हवी. शेगडी आणि ठिणगी उडणारं बटण जवळ नको. एका वेळी ५० लिटरपेक्षा जास्त करू नका. ऑक्सिजन किंवा कॉटरीला (विजेनं ऊतक जाळायच्या उपकरणाला) हात लावण्याआधी हात पूर्ण कोरडे होऊ द्या.

बाटली खाटेच्या पायाशी किंवा ड्रेसिंग ट्रॉलीवर, हात लांबवला की सापडेल अशी. तळव्यावर भरपूर घेऊन २० ते ३० सेकंद चोळायचं. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. हाताला रक्त, घाण दिसत असेल किंवा रुग्णाला जुलाब असतील तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद.

अर्ध्या बाटलीत वरून भर घालू नका. रिकामी बाटली डिटर्जंटनं धुवा, १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) क्लोरीनमध्ये (५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली, पाणी ९८० मिली) १५ मिनिटं बुडवा, उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळा आणि उलटी ठेवून वाळवा.

आणि खप मोजा. महिन्याचे लिटर भागिले रुग्ण-दिवस (रोजच्या दाखल रुग्णांची महिन्याची बेरीज), गुणिले १०००. किमान २० लिटर यायला हवेत. वीस खाटा भरलेल्या असतील तर ६०० रुग्ण-दिवस, म्हणजे महिन्याला १२ लिटर. चारच लिटर संपले असतील तर सिस्टर-ब्रदरना बोल लावण्याआधी बाटल्या कुठं ठेवल्यात आणि किती वेळ रिकाम्या राहतात ते वॉर्डात जाऊन बघा.